नळाचा बाण: आधी वाळवण, मग सरळ करणे, कापणे सर्वांत शेवटी

नळाचा, म्हणजे नदीकाठी उगवणाऱ्या पोकळ, गाठींच्या गवताचा, बाण बिघडतो तो बहुधा क्रम चुकल्यामुळे. तोडून आणला त्याच दिवशी मोजपट्टी लावून कापला, ओला असतानाच शेगडीवर धरून सरळ केला, की पंधरवड्यात तो पुन्हा वाकडा होतो. मागची खाच दोन-चार नेमांत चिरते आणि बाणाचे पुढचे टोक गवतात हरवते. खाली दिलेला क्रम सोलापूरच्या कोरड्या हवेला धरून आहे. कोकणात किंवा घाटावर वाळवणीला जास्त दिवस लागतील, बाकी पायऱ्या त्याच.

शब्दांचा घोळ नको म्हणून उसाच्या शेतातलेच शब्द वापरले आहेत. दोन गाठींमधला भाग ते कांडे. गाठीवर कोंब फुटण्याची जागा तो डोळा, आणि डोळ्यापासून कांड्यावर चढत जाणारी उथळ पन्हळ ती चरी.

नळ कोणता आणि कोणता नव्हे

पहिली चूक सामान आणतानाच होते. फर्निचरवाल्याकडचा वेत बाणाला चालत नाही. तो आतून भरीव आणि लवचीक असतो. वाकला की वाकलेलाच राहतो. उसाचा तुरा दिसायला सुंदर आणि सरळ, पण आत भुसा आणि बाहेर पातळ साल. मुलांच्या खेळापलीकडे त्याचा उपयोग नाही, आणि खऱ्या धनुष्यावर तो चढवणे धोक्याचे आहे. ज्वारीच्या ताटाचेही तेच. पाणकणीस नळाच्या शेजारीच उगवते, पण त्याच्या दांड्याला गाठी नसतात.

हवा तो नळ: पोकळ, टणक, गाठी असलेला, ज्याच्या जाड प्रकारातून पूर्वी बोरू काढत. भीमा आणि सीनेच्या काठाला, कालव्यांच्या कडेला, पाझराच्या ओढ्यांत तो सापडतो. तो न मिळाल्यास बुरूडकाम करणाऱ्यांकडे बोटभर जाडीच्या बारीक वेळूच्या काठ्या मागा. वेळूची साल जास्त जाड असते आणि तो सरळ करायला जास्त उष्णता लागते, एवढाच फरक. वेळू मात्र किमान २ ते ३ वर्षांचा हवा.

जमवायचे साहित्य (१२ बाणांसाठी)

- नळ ४०, प्रत्येकी सुमारे १ मीटर. इतके का, ते टप्प्याटप्प्याने कळेल; निम्म्याहून जास्त बाद होणार हे धरूनच चाला.
- वाळलेल्या बाभळीच्या सरळ काठ्या, १० ते १२ मिमी जाडीच्या.
- पाठीमागे खोबण असलेली लोखंडी किंवा पितळी टोके, प्रत्येकी ६.५ ग्रॅम.
- पाळीव टर्की किंवा राजहंसाच्या पंखांची पिसे.
- बारीक पिळाचे मजबूत सूत. सोलापुरात सुताची वानवा नाही. कोनावरचे शिल्लक सूत चालते, फक्त हाताने ताणून तुटत नाही ना ते पाहा.
- लाकडाचा पांढरा गोंद, दोन भागांचा इपॉक्सी, चपडी लाख आणि स्पिरिट.
- हॅक्सॉची ब्लेडे, सपाट आणि गोल बारीक कानस, १२० आणि २४० नंबरचा पॉलिश पेपर, निखाऱ्याची शेगडी किंवा हीट गन, १ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा.
- चष्मा, सुती हातमोजे, तोंडाला फडके. नळाच्या सालीची धूळ घशाला आणि छातीला वाईट असते.

टप्पा १: तोडणी

दिवाळी उरकल्यापासून गड्ड्याच्या जत्रेपर्यंतचा (सोलापूरची संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा) काळ धरा. पावसाळ्यात वाढलेला नळ तोवर पक्का होतो, खालची पाने वाळतात, आणि पाणी उतरल्याने काठापर्यंत जाता येते. भाद्रपदातला हिरवागार, मऊ नळ तोडू नका. वाळताना तो आक्रसून सुरकुततो.

निवड करताना हे पाहा:

१. जाडी मध्यावर ९ ते ११ मिमी. करंगळीएवढा, त्याहून जाड नको.
२. अंगठा आणि तर्जनीत दाबल्यावर कांडे दबता कामा नये. शंका आली तर त्याच बेटातला एक नळ आडवा कापून पाहा. भिंत दीड ते दोन मिमी हवी.
३. लांब कांडी. एका मीटरमध्ये चार-पाच गाठी असतील तर उत्तम. जवळजवळ गाठी म्हणजे प्रत्येक गाठीवर एक वाक.
४. बाजूने फांद्या फुटलेला नळ शक्यतो सोडा. फांदीच्या जागी चरी खोल जाते आणि बाण तिथेच मोडतो.
५. काळे ठिपके, किड्याचे भोक, वाऱ्याने घासून पडलेला चट्टा दिसला तर नको.

बुंध्यापासून पहिली दोन-तीन कांडी सोडून वरचा भाग घ्या. धारदार विळ्याने किंवा करवतीने कापा. मोडून काढलात तर तडा आतवर जातो. पाने हाताने ओरबाडू नका, चाकूने गाठीच्या जरा वर कापा. ओढून काढलेल्या पानाबरोबर सालीची पट्टी निघते. जाड टोकाला लगेच पेनने खूण करा. वाळल्यावर बुंधा कोणता आणि शेंडा कोणता हे ओळखणे वाटते तितके सोपे नसते.

सावधान: उजनी धरणातून नदीत पाणी सोडले की भीमेची पातळी ऊन असतानाही वाढते. पात्रात उतरण्याआधी गावात विचारा. नळाच्या बेटात घोणस असते. आधी काठीने आपटा, मग हात घाला. बांध कुणाचा आहे ते विचारून परवानगी घ्या. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातून काडी किंवा पीस काहीही उचलायचे नाही.

टप्पा २: वाळवण

उन्हात वाळवायची घाई केली तर काय होते? बाहेरची साल आधी आक्रसते, आतला ओलावा अडकतो, आणि कांड्यावर उभी चीर पडते. सोलापूरच्या हवेत हे फार लवकर घडते, म्हणून इथे वाळवण जाणूनबुजून मंद करावी लागते.

१. दोन्ही टोकांना गोंदाचा किंवा मेणाचा थर द्या. चीर टोकापासूनच सुरू होते.
२. साधारण १५ नळांची एक जुडी करा. निम्म्या नळांचे बुंधे एकीकडे, निम्म्यांचे दुसरीकडे. म्हणजे जुडी सगळीकडे सारख्या जाडीची होते.
३. २० सेमी अंतरावर सुतळीने घट्ट आवळा. वाकडे नळ मधोमध, सरळ नळ बाहेरून. जुडीच नळाला अर्धे सरळ करते.
४. सैल गोणपाटात गुंडाळून सावलीत, जमिनीपासून वर, आडवी टांगा. पत्र्याखाली नको, दुपारी तिथे भट्टी होते.
५. दर आठवड्याला जुडी अर्धी फिरवा आणि सुतळी पुन्हा आवळा. नळ आक्रसला की बांधणी ढिली पडते, आणि ढिल्या जुडीत नळ आपापल्या मर्जीने वाकतात. बहुतेक जण चुकतात ते इथेच: जुडी एकदा बांधायची आणि विसरून जायचे.

सहा ते आठ आठवडे धरा. गोणपाट दोन आठवड्यांनी काढले तरी चालेल.

तपासणी: जुडीतल्या दोन नळांवर नंबर घाला आणि दर आठवड्याला त्यांचे वजन लिहा. लागोपाठ दोन आठवडे वजन घटले नाही, तर वाळवण पूर्ण. नुसत्या रंगावर जाऊ नका. गवती पिवळा दिसणारा नळ गाठीच्या आत ओला असू शकतो.

टप्पा ३: सरळ करणे

सगळ्यात जास्त वेळ याला द्या. एका नळाला पहिल्या खेपेस वीस मिनिटे लागली तरी ती योग्यच आहेत.

शेगडीत धगधगते निखारे हवेत, ज्वाळा नको. ज्वाळेने साल काळी पडते, आणि काळी पडलेली जागा बिस्किटासारखी तुटते. नळ निखाऱ्यांच्या १५ सेमी वर धरून सतत फिरवत आणि मागे-पुढे हलवत राहा. बोट ठेववणार नाही इतका गरम झाला, साल किंचित चमकली, की तो मऊ आला असे समजा. आता हातमोजे घालून वाकाच्या उलट दिशेने हळूहळू दाबा, सरळ रेषेच्या थोडे पुढे न्या, आणि गार होईपर्यंत तसाच धरून ठेवा. ३० ते ४० सेकंद पुरतात. गरम नळ लगेच सोडला तर तो मूळ वाकावर परत जातो. पाण्यात बुडवून थंड करू नका.

क्रम असा ठेवा:

१. आधी कांड्यांमधले लांब, सावकाश वाक काढा. बुंध्याकडून शेंड्याकडे जा.
२. मग गाठींवरचे कोन. गाठ ठिसूळ असते, म्हणून तिच्या दोन्ही बाजूंची ३ सेमी जागाही तापवा आणि दाब गाठीवर न देता दोन्ही अंगांना द्या.
३. शेवटी एक डोळा मिटून बुंध्याच्या बाजूने, बंदुकीची नळी पाहावी तसे पाहा. नळ फिरवत राहा. काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर लोळवून पाहिले तर गाठींचा फुगवटा फसवतो, म्हणून नजरेवरच भरवसा ठेवा.

गाठीगाठीवर उरलेला बारीक नागमोडीपणा चालतो. दोन्ही टोके आणि मध्य एका रेषेत आहेत ना, एवढेच महत्त्वाचे. गाठ पूर्ण सरळ करण्याच्या हट्टापायी चांगले नळ मोडतात.

सावधान: बंद कांड्यात ओलावा राहिला असेल तर वाफ कोंडून कांडे फटाक्यासारखे फुटते. चष्मा घातल्याशिवाय शेगडीपुढे बसू नका. सुं-सुं आवाज आला की नळ तिथूनच बाजूला घ्या आणि आणखी दोन आठवडे वाळवा.

काम झाले की नळ तीन दिवस सपाट जागी ठेवून पुन्हा पाहा. थोडे वाक परत येतात. दुसरी, कधी तिसरी फेरी लागते. तीन फेऱ्यांनंतरही तोच वाक परत आला तर तो नळ बाद. ४० पैकी २५ इथवर टिकले तर वाळवण चांगली झाली असे म्हणता येईल.

टप्पा ४: गाठी घासणे

सपाट कानशीने फक्त गाठीवरचा उंचवटा काढा, मग २४० नंबरच्या कागदाने पुसा. कांड्याच्या सालीला कानस लावायची नाही. नळाचा सगळा ताठपणा त्या चकचकीत, कठीण सालीत असतो. 'फिनिशिंग' म्हणून अख्खा नळ घासणारे आपल्याच हाताने बाण मऊ करतात. गाठही पार सपाट करू नका, बोटाला किंचित जाणवेल इतकी राहू द्या.

टप्पा ५: ताठपणा मोजणे

हा टप्पा गाळला तर बारा बाण बारा दिशांना जातात. धनुष्य सुटताना बाण आडवा लवून धनुष्याला वळसा घालतो. फार ताठ असेल तर धनुष्याच्या बाहेरच्या अंगाला जातो, फार मऊ असेल तर आतल्या. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याला ताठ बाण डावीकडे आणि मऊ बाण उजवीकडे पडलेला दिसतो.

मोजायची सोय घरी होते. फळीवर बरोबर ६६ सेमी अंतरावर दोन खिळे ठोका, नळ त्यांवर ठेवा, मध्यावर ९०० ग्रॅम वजन टांगा. प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी भरून किराणा दुकानाच्या काट्यावर बाटली आणि दोरीसकट ९०० ग्रॅम करून घेतले तरी पुरते. मध्य किती मिलिमीटर खाली आला ते मोजा. हिशेब सोपा आहे: ६६० भागिले खाली आलेले मिलिमीटर, म्हणजे त्या नळाचा ताठपणा पाउंडात. १५ मिमी लवला तर ४४ पाउंड, २० मिमी लवला तर ३३.

साध्या लाकडी किंवा बांबूच्या धनुष्याला, बाण ७१ सेमी लांब असेल तर, तुमच्या ओढीवर (म्हणजे दोरी जितकी मागे ओढता तितक्या अंतरावर; ते कसे काढायचे ते टप्पा ६ मध्ये आहे) धनुष्याची जितकी ताकद तितका ताठपणा लागतो. बाण लांब असेल तर दर अडीच सेमीला ५ पाउंड वाढवा. उदाहरणार्थ, ३५ पाउंडांचे धनुष्य आणि ७६ सेमीचा बाण: ४५ पाउंड, म्हणजे १४ ते १६ मिमी लवणारे नळ निवडा.

नळ गोल दिसला तरी सगळ्या बाजूंनी सारखा ताठ नसतो. तो खिळ्यांवर पाव-पाव फिरवून चार वेळा मोजा. ज्या बाजूने सर्वांत कमी लवतो ती बाजू वर असताना तिच्यावर पेनने रेघ मारा. ही रेघ पुढे खाच आणि पिसे लावताना लागणार आहे, पुसू देऊ नका.

मग जोड लावा: ताठपणात ५ पाउंडांच्या आत आणि वजनात २ ग्रॅमच्या आत बसणारे नळ एका गटात. १४-१५ मिळाले तर पुरे. उरलेले टाकू नका. वेगळ्या ताकदीच्या धनुष्याला ते चालतील.

टप्पा ६: लांबीवर कापणे

आता, आणि आताच, कापायचे. तेही मोजपट्टी सांगेल तिथे नव्हे, गाठ सांगेल तिथे.

दोन्ही हात आडवे पसरून मधल्या बोटांच्या टोकांमधले अंतर मोजा आणि २.५ ने भागा. १६८ सेमी भरले तर ओढ सुमारे ६७ सेमी. नळाचा भाग ओढीपेक्षा २ ते ३ सेमी लांब हवा, म्हणजे इथे ७० सेमी. पुढे बाभळीची खुंटी येणार आहे, आणि नळ-खुंटीचा सांधा पूर्ण ओढीलाही धनुष्याच्या मुठीपुढेच राहिला पाहिजे.

- मागचे टोक शेंड्याकडचे, म्हणजे बारीक. शेवटची गाठ टोकापासून १५ ते २० मिमी आत येईल असा काप घ्या. दोरीचा धक्का ही गाठ झेलते आणि चीर तिच्यापाशी थांबते.
- पुढचे टोक बुंध्याकडचे, म्हणजे जाड. टोकापासून पहिल्या गाठीपर्यंत किमान ७ सेमी मोकळे कांडे हवे.

दोन्ही गोष्टी ७० सेमीत बसत नसतील तर लांबी एक-दोन सेमी वाढवा. मागची गाठ सोडून देऊ नका. कापताना जागेवर कागदी चिकटपट्टी गुंडाळा, बारीक दातांचे ब्लेड वापरा आणि नळ फिरवत कापा.

टप्पा ७: दोरीची खाच

१. मागच्या पोकळीत बाभळीचे किंवा वेळूचे बूच बसवा, गाठीला टेकेपर्यंत. ठोकावे लागले तर ते जाड आहे. घासून हलक्या हाताने आत जाईल असे करा. इपॉक्सी लावून एक रात्र राहू द्या.
२. टोकाकडे समोरून पाहा. ताठ बाजूची रेघ घड्याळातल्या ३ वर असेल, तर खाच १२ ते ६ अशी घ्यायची. रेघेच्या काटकोनात. त्यामुळे ताठ बाजू धनुष्याच्या अंगाला लागते.
३. हॅक्सॉची दोन ब्लेडे एकत्र बांधून खाच पाडा, ७ ते ८ मिमी खोल. गोल कानशीने तळ गोल करा. कोनाचा तळ राहिला तर चीर तिथूनच निघते.
४. खाचेच्या तळापासून खाली गाठीवरून १५ मिमी सूत गुंडाळा. सुताचे टोक पहिल्या पाच-सहा फेऱ्यांखाली दाबा. शेवटच्या सहा फेऱ्या वेगळ्या सुताच्या फासावरून घ्या, मोकळे टोक फासात ओवून आत ओढा आणि कापा. गाठ मारू नका, ती बोटांत टोचते. वर पातळ गोंद मुरवा.

तपासणी: धनुष्य उभे न धरता आडवे, दोरी खाली करून धरा आणि बाण दोरीला अडकवून लोंबकळू द्या. तो टिकला पाहिजे, आणि दोरीवर बोटाने टिचकी मारली की पडला पाहिजे. टिचकीने पडत नसेल तर खाच घट्ट आहे. ती बाणाला चिरते. आपोआप पडत असेल तर फारच ढिली: ओढ सोडताना बाण दोरीवरून निसटला, तर धनुष्य रिकामे सुटते आणि मोडू शकते.

टप्पा ८: बाभळीची खुंटी आणि टोक

नळाचे पुढचे टोक पोकळ, त्यामुळे लोखंडी टोक थेट त्यात बसवले तर लक्ष्यावर आदळताच नळ फुटतो. खुंटी हा धक्का घेते. तिची एकूण लांबी १४ सेमी: ६ सेमी आत, ८ सेमी बाहेर. बाहेरचा भाग नळाच्याच जाडीचा.

आत जाणारा भाग पाचरीसारखा निमुळता करू नका. पाचर लाकूड फोडायलाच असते, नळही फोडेल. तो सरळ दंडगोल हवा, आणि जिथे तो संपतो तिथला खांदा नळाच्या काठावर चहूबाजूंनी सपाट टेकला पाहिजे. पोकळी कमी पडत असेल तर सायकलच्या आऱ्याला पॉलिश पेपर गुंडाळून ती आतून घासा.

क्रम लक्षात ठेवा: आधी नळाच्या पुढच्या ३ सेमीवर सुताची घट्ट गुंडाळी, ती वाळली की मग इपॉक्सी लावून खुंटी. उलट केले तर खुंटी सरकवतानाच नळ चिरतो, आणि नंतर गुंडाळलेले सूत ती चीर फक्त झाकते.

लोखंडी टोक खुंटीवर इपॉक्सीने चिकटवा. चिकटवण्यापूर्वी टोकाची आतली खोबण स्पिरिटने पुसा. कारखान्यातले तेल राहिले तर गोंद धरत नाही, आणि टोक लक्ष्याच्या गवतातच राहते. मग बाण फरशीवर उभा करून टोकावर भोवऱ्यासारखा फिरवा. थरथरला तर खुंटी तिरकी बसली आहे, इपॉक्सी ओला असतानाच सरळ करा.

टप्पा ९: पिसे

मोराचे, घारीचे किंवा कुठल्याही वन्य पक्ष्याचे पीस वापरू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कचाट्यात सापडण्याची वेळ आणू नये. टर्की आणि राजहंस पाळणारे लोक झडलेली पिसे सहज देतात. कोंबड्याची पिसे मऊ पडतात आणि बाणाला आवरत नाहीत.

एका बाणावरची तिन्ही पिसे एकाच बाजूच्या पंखाची हवीत. डाव्या आणि उजव्या पंखाच्या पिसांचा बाक उलट असतो. एकत्र लावली तर एक पीस बाण एका दिशेला फिरवते आणि दुसरे उलट.

पिसाचा दांडा खालच्या पन्हळीतून ब्लेडने उभा चिरा, रुंद पात्याची बाजू घ्या, दांड्याचा तळ १ मिमी जाडीपर्यंत घासा. ११ सेमी लांबी, दीड सेमी उंची पुरते. पुढे-मागे १ सेमी मोकळा दांडा सोडा, तो बांधायला लागतो.

मागच्या टोकापासून ३ सेमी सोडून पिसे सुरू करा. पहिले पीस ताठपणाच्या रेघेच्या बरोबर उलट बाजूला, म्हणजे धनुष्यापासून लांब. बाकीची दोन १२० अंशांवर. पिसाच्या नैसर्गिक बाकाला धरून मागचे टोक २ मिमी बाजूला कलते ठेवा. तिन्ही एकाच दिशेला. आधी पुढची टोके सुताने बांधा, मग गोंद लावून पिसे टेकवा, शेवटी मागची टोके बांधा.

सावधान: पुढच्या दांड्याचे टोक कागदासारखे पातळ करून सुताखाली पूर्ण गाडा आणि त्यावर गोंदाचा थर द्या. पारंपरिक धनुष्यावर बाण हाताच्या मुठीवरून घसरत जातो. वर राहिलेला दांडा तळहात किंवा अंगठ्याच्या मुळाची कातडी फाडतो.

टप्पा १०: लेप

चपडी लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून पातळ पॉलिश करा आणि पिसे सोडून सगळीकडे दोन-तीन हात द्या. सुताच्या गुंडाळीवर एक जास्त. डबल बॉइल्ड जवसाचे तेलही चालते, पण तेलाचे फडके चुरगळून टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेते, एप्रिल-मेमध्ये तर नक्कीच सांभाळा. दोरीवर मोकळे वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

टप्पा ११: नेमापूर्वीची तपासणी

१. वजन. धनुष्याच्या दर पाउंडाला किमान ०.६५ ग्रॅम. ३५ पाउंडांसाठी २३ ग्रॅमपेक्षा हलका बाण वापरू नका. धक्का बाणाऐवजी धनुष्यात जिरतो आणि धनुष्याला तडा जातो. या मापाचे नळाचे बाण बहुधा ३० ग्रॅमच्या आसपास भरतात.
२. तोल. बाण बोटावर तोलून धरा. तोलाचा बिंदू मध्यापासून एकूण लांबीच्या १० ते १५ टक्के पुढे हवा. ७८ सेमीच्या बाणाला ८ ते १२ सेमी. मागे असेल तर जड टोक लावा.
३. वाकवून ऐकणे. दोन्ही हातांत धरून बाण कानाजवळ न्या, तोंड मागे ठेवा, चष्मा लावा, आणि सगळीकडून फिरवत थोडा-थोडा वाकवा. 'कट्' असा बारीक आवाज आला तर बाण मोडून टाका, ठेवू नका. कुणीतरी उचलून तो वापरतो. ही चाचणी एकदाची नाही. लक्ष्याच्या कडेला आदळलेला, दगडाला लागलेला प्रत्येक बाण पुन्हा सोडण्याआधी असाच ऐकावा. आत चीर गेलेला नळ ओढ सोडताना फुटतो आणि त्याच्या काड्या हातात घुसतात.

कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके असलेल्या, धनुष्यावर नळाचा बाण कधीही चढवू नका. पहिले १० नेम १० मीटरवरून, भाताच्या पेंढ्याच्या किंवा कडब्याच्या घट्ट गठ्ठ्यावर घ्या. मागे उघडा रस्ता, शेत किंवा वस्ती नको. प्रत्येक बाणावर नंबर घाला आणि कोणता कुठे पडतो ते लिहा. एखादा बाण सतत एकाच अंगाला जात असेल तर आधी खाच आणि पिसांची दिशा पाहा. तिथे दोष नसेल तर लोखंडी टोक बदला: बाण मऊ असेल तर हलके, ताठ असेल तर जड.

साठवण

बाण उभे टेकवून ठेवले की वाकतात. आडव्या पट्टीला छिद्रे पाडून खाली टोक करून टांगा, किंवा सपाट फळीवर ठेवा. उन्हाळ्यात बंद गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत नको. लाख मऊ पडते आणि गुंडाळी सुटते. हस्ताचा पाऊस सुरू झाला की हवेतला ओलावा नळात शिरतो, तेव्हा आठवड्यातून एकदा सगळे बाण नजरेखालून घाला. वाक आलेला दिसला तर मंद निखाऱ्यावर, पिसांपासून लांब, पुन्हा सरळ करा.